सुलभाताई, खुर्च्यांचं ठरलं!

अगं सुलभाताई, ऐक! ठरलं! आज दुपारी तीनच्या बैठकीत नव्या ऑफिसच्या खुर्च्यांचं ठरलं, आणि तू म्हणत होतीस तसं ठरलं! अगदी सगळं तसंच नाही, दोन गोष्टींवर मी अजून तुझ्याशी भांडणार आहे, पण मुख्य मुद्दा आपण जिंकलो. बैठकीतून बाहेर पडले आणि पाय आपोआप तुझ्या टेबलाकडे वळले. अर्ध्या वाटेत आठवलं. तुला जाऊन आज बारा दिवस झाले.

म्हणून घरी येऊन तडक हे लिहायला बसले आहे. चहासुद्धा टाकलेला नाही. ऑफिसातली कुठलीही बातमी आधी तुला सांगायची, ही नऊ वर्षांची सवय बारा दिवसांत जाणार कशी? तेव्हा सगळं क्रमानं सांगते. एरवी तू मला दर वाक्याला अडवायचीस. आज सलग बोलू देणार आहेस, आणि मला ते मुळीच आवडलेलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी नाशिकहून येऊन मी सेक्टर फाइव्हच्या या ऑफिसात रुजू झाले. जुने कागदी नकाशे संगणकावर चढवायचे, दिवसभर डोळे पडद्यात खुपसून रेषा ओढायच्या, असं आपलं काम. पहिल्याच सकाळी पाठीमागून कुणीतरी स्वच्छ मराठीत विचारलं, “पाठ कुठं आहे तुझी?” कोलकात्यात, ऑफिसात, मराठी! मी इतकी हरखले की प्रश्न काय आहे तिकडं लक्षच गेलं नाही. वळून बघते तर तू. जेमतेम पावणेपाच फुटांची, खांद्यावर शाल, हातात किल्ल्यांचा जुडगा. प्रशासन विभाग म्हणजे तू एकटीच. किल्ल्या, पंखे, चहा आणि अडतीस जणांच्या खुर्च्या, सगळं तुझ्याकडं.

तू सरळ खाली बसलीस आणि माझ्या गुडघ्यामागं, खुर्चीच्या कडेशी तीन बोटं घालून पाहिलीस. “तीन बोटं गेली पाहिजेत. जात नसतील तर बैठक खोल आहे, मग पाठ टेकत नाही. कोपर टेबलाच्या उंचीला. पडद्याची वरची कड डोळ्यांसमोर. खिडकी बाजूला हवी, समोर नको आणि पाठीशीही नको.” एवढं बोलून खुर्चीचा दांडा दोनदा दाबलास आणि निघून गेलीस. नाव विचारलं ते दुपारी डब्याच्या वेळी. मला वाटलं होतं, काय विक्षिप्त बाई आहे! तसं मी रात्री आईला फोनवर सांगितलंसुद्धा, आज कबूल करते.

पहिली दोन वर्षं मी तुला ‘तुम्ही’ म्हणत होते. एका दुपारी थालीपिठाचा तुकडा मोडताना तू म्हणालीस, “इथं सगळे मला आपनि म्हणतात. घरी तुझे काका आहेत, पण त्यांना काय, ते पेपर वाचतात. तू तरी मला अगं म्हण. मराठीत कुणी अगं म्हटल्याशिवाय माणूस सुकून जातं गं.” मला ते तोंडातून काढायला आठवडा लागला. पण एकदा ‘अगं’ आलं की मागोमाग भांडणंही येतात, हे मात्र तुला पक्कं ठाऊक होतं.

तुझे सल्ले अजून ऑफिसभर पाळले जातात, माहीत आहे? पाण्याची बाटली मोठी आणायची नाही, लहानच आणायची, म्हणजे भरायला उठावं लागतं. लांबलचक फोन आला की उभं राहून बोलायचं. एसीचा झोत मानेवर येत असेल तर सहन करत बसायचं नाही, यायचं आणि तुला सांगायचं. तू शिडी लावून पुठ्ठा चिकटवायचीस. आपल्या ऑफिसच्या छताला किती पुठ्ठे आहेत ते मी काल मोजत होते. एका पुठ्ठ्यावर तर मिठाईच्या दुकानाचं नाव तसंच उलटं दिसतंय.

आणि स्वतःसाठी? स्वतःचे पाय जमिनीला टेकत नाहीत म्हणून तू घरून पाट आणला होतास. साधासुधा नव्हे, लग्नात ज्यावर बसली होतीस तो! माझी आई इथं आली असताना तिनं तो टेबलाखाली, तुझ्या पायांखाली पाहिला आणि कपाळाला हात लावला. तू तिला हसत म्हणालीस, “वहिनी, तीन तास बसले होते त्याच्यावर. उरलेलं आयुष्य त्यानं माझे पाय धरावेत.” आई नाशिकला परत जाईपर्यंत तेच वाक्य सगळ्यांना सांगत होती.

आता विश्वकर्मा पूजेबद्दल न लिहिता पुढं कशी जाऊ? तुझी आयुष्यभराची बोच अशी की खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करायची, आणि आपलं ऑफिस नेमकं तेव्हा दुर्गापूजेसाठी बंद! मग तू त्यावर तोड काढलीस. इथं सप्टेंबरात विश्वकर्मा पूजेला यंत्रांची पूजा होतेच. बाकीचे प्रिंटरला आणि संगणकांना हार घालतात, तर आपण त्याच दिवशी खुर्च्यांची करू. “आपलं शस्त्र कुठलं? आपण लढतो कशावर बसून?” असा तुझा सवाल. पूजा म्हणजे आधी स्वच्छता. आदल्या दिवशी अडतीसच्या अडतीस खुर्च्या तू उलट्या करायला लावल्यास. चाकांतून केसांची गुंतवळं निघाली, दोरे निघाले, कुणाचं तरी हरवलेलं कानातलं निघालं. ढिले स्क्रू घट्ट झाले, अडकलेले दांडे सुटले. दुसऱ्या दिवशी सकाळी तू प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर हळदीची पाच बोटं ओढलीस, वर कुंकू लावलंस आणि एकेक झेंडू ठेवलास.

आणि मग रंजनदा आले. आपल्यातले सगळ्यांत जुने, वीस वर्षं नकाशे काढणारे. खुर्चीकडे पाहून हात जोडले आणि उभेच राहिले. “शुलोभादी, पुजो कोरा चेयारे बोशबो की कोरे?” पूजा केलेल्या खुर्चीवर बसायचं कसं? बिनतोड प्रश्न! इथं सरस्वती पूजेच्या दिवशी पुस्तक उघडत नाहीत, आपल्याकडं खंडेनवमीला हत्यार उचलत नाहीत. हे तुझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तुझा चेहरा मला अजून दिसतो! झालं, सगळं ऑफिस दिवसभर उभं. कुणी कपाटावर कीबोर्ड ठेवला, कुणी खोक्यांची चळत रचली, बाहेर सेक्टर फाइव्हच्या आकाशात विश्वकर्मा पूजेचे पतंग उडत होते आणि आम्ही आत बगळ्यांसारखे उभे राहून नद्या रेखाटत होतो. तेवढ्यात दिल्लीचे एक ग्राहक आले, पांढऱ्याशुभ्र शर्टात. त्यांना काय माहीत? बसले ते थेट टेकून. जाताना त्यांच्या पाठीवर हळदीची पाचही बोटं स्पष्ट होती आणि त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नाही.

संध्याकाळी पाय सगळ्यांचेच दुखले. पण मौसुमी, जी माझ्या शेजारी बसते आणि उंचीनं तुझ्याहून बोटभरच जास्त आहे, ती म्हणाली, “पाय दुखतायत, पण कंबर आज दुखत नाही.” तू तो धागा सोडला नाहीस. दुसऱ्या दिवसापासून अकरा वाजता आणि चार वाजता दहा मिनिटं उभं राहून काम, हा नियम झाला. स्वतःची फजिती अशी कामाला लावणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. हळद मात्र पुढच्या वर्षापासून खुर्चीच्या चाकांना लावायची ठरली.

इतकं सगळं असताना मी तुझ्या विरुद्ध गेले. मी, मेघा.

न्यू टाउनला नवं ऑफिस होणार म्हटल्यावर त्याची मांडणी ठरवायचं काम माझ्याकडं आलं आणि मी हवेत गेले. काय ती चित्रं! लांबच लांब टेबलं, खिडकीशी उंच स्टुलं, कुणाचीच जागा ठरलेली नाही, सकाळी यायचं आणि मिळेल तिथं बसायचं, खुर्च्या सगळ्या एकाच मापाच्या. मी तुला चित्र दाखवलं. तू चष्मा लावून बराच वेळ पाहिलंस आणि विचारलंस, “मौसुमीचे पाय कुठं आहेत यात?” मी म्हटलं, “अगं, चित्रात माणसं नसतात.” तू म्हणालीस, “तेच म्हणतेय मी.”

तीन महिने आपण यावर भांडलो. मी म्हणायचे, रोज नव्या माणसाशेजारी बसलं की मन मोकळं होतं. तू म्हणायचीस, रोज दुसऱ्याच्या खुर्चीचा दांडा दाबायला कुणाला वेळ आहे, लोक तसंच अवघडून बसतील आणि वर्षानं कंबर धरतील. मी तुला जुन्या वळणाची म्हटलं. तू मला चित्र बघून लग्न करणारी म्हटलंस. दोघींनाही मजा येत होती, हे खोटं नाही. दहीभात संपेपर्यंत भांडायचं आणि एसीचा आकडा किती ठेवायचा, यावर दुसरं सुरू करायचं.

आणि मग ऑगस्टमधली ती बैठक. सेनगुप्तासाहेब टेबलाच्या टोकाला. तू एका कागदावर मुद्दे लिहून आणले होतेस. उभी राहिलीस, बंगालीत बोलत होतीस, जागा ठरलेली हवी, खुर्च्या कमीजास्त होणाऱ्या हव्यात, वगैरे. दुसऱ्या मुद्द्यावर साहेब हसत म्हणाले, “शुलोभादी, आपनि तो डिशेम्बरे रिटायार कोरछेन. नोतुन ऑफिशेर चेयार निये आपनार एतो चिन्ता कॅनो?” तुम्ही तर डिसेंबरात निवृत्त होताय, नव्या ऑफिसच्या खुर्च्यांची तुम्हाला एवढी काळजी कशाला? सगळे हसले. वाईट हेतूनं कुणी हसलं नाही, पण हसले. तू माझ्याकडं पाहिलंस. मी पण हसत होते.

तू म्हणालीस, “ठीक आछे,” कागदाची घडी केलीस आणि बसलीस. दुसऱ्या दिवशी डब्यात माझ्यासाठी थालीपीठ होतंच. एसीवरून भांडलीससुद्धा. मी स्वतःला समजावलं की तू विसरलीस. मला ते सोयीचं होतं.

तू गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी आले होते. काका बाल्कनीत बसले होते. मग त्यांनी विचारलं, “त्या न्यू टाउनच्या खुर्च्यांचं काय झालं हो?” आणि स्वतःच पुढं म्हणाले, “रोज जेवताना तेच. त्या मौसुमीचे पाय टेकत नाहीत म्हणायची. मी म्हटलं, अगं, तू कुठं जाणार आहेस तिथं? तर म्हणाली, म्हणून तर आत्ताच सांगायला हवं.”

म्हणजे तू विसरली नव्हतीस. ऑगस्टपासून रोज रात्रीच्या जेवणात हा विषय होता आणि मला दुपारच्या डब्यात त्यातलं एक अक्षर दिलं नाहीस! मी तुझ्यावर भडकले, ताई. तुझ्या घरून सॉल्ट लेकच्या त्या शांत रस्त्यानं येताना मोठ्यानं भडकले. भांडायचं होतंस ना माझ्याशी! एरवी एसीच्या एका अंशासाठी शाल आपटणारी बाई तू, आणि जिथं मी खरंच चुकले तिथं गप्प बसलीस?

सोमवारी माझ्या टेबलावर खुर्च्यांच्या मागणीचे कागद येऊन पडले होते. एका मापाच्या अडतीस खुर्च्या, माझ्या सहीसाठी. पेन उघडलं आणि बंद केलं. मग उठले, तुझ्या कपाटातली शिंप्याची टेप घेतली आणि मौसुमीला म्हटलं, “बस. सरळ.”

काय सांगू तुला पुढचे तीन दिवस! जत्रा नुसती! आधी लोक लाजत होते, मग रांग लागली. गुडघ्यापासून टाच, बैठकीपासून कोपर, सगळं लिहून घेत गेले आणि माझ्या मांडणीच्या चिंधड्या झाल्या. ते एक माप बसेल अशी माणसं आपल्या ऑफिसात किती असतील? दोन! तेही जुळे असल्यासारखे शेजारी बसतात. सोहिनी डावखुरी आहे, हे मला नऊ वर्षांत माहीत नव्हतं. तू तिचा दिवा केव्हाच उजवीकडं बसवून दिला होतास. रंजनदांचा चष्मा दोन भिंगांचा, ते वाचायला खालच्या भिंगातून बघतात, म्हणून पडदा डोळ्यांसमोर ठेवला तर त्यांची हनुवटी वर जाते आणि मान आखडते. त्यांचा पडदा तू चार बोटं खाली का ठेवला होतास ते मला आत्ता कळलं. मला वाटायचं, तुला मापच जमलं नाही! प्रत्येक माणसाजवळ तुझं काहीतरी होतं. टेप धरताना प्रत्येकानं मला तू काय केलंस ते सांगितलं. मी लिहीत होते, हसत होते, मधूनच नाक पुसत होते. खूप दिवसांनी ऑफिसात इतका गलका झाला.

आज तीन वाजता मी तो कागद घेऊन उभी राहिले. पहिलं वाक्य म्हटलं, “माझाच आराखडा चुकला आहे.” आवाज फाटला, पण म्हटलं. मग मापं वाचून दाखवली. सेनगुप्तासाहेब ऐकत होते. शेवटी म्हणाले, ठीक आहे, पण तीन वर्षांत यातले निम्मे लोक सोडून जातील, मग या मापांचं काय करणार? ताई, तो ऑगस्टचाच प्रश्न होता, नुसता वेश बदललेला. जो जाणार आहे त्याच्यासाठी कशाला? मी म्हटलं, “तेव्हा जे असतील त्यांना पुन्हा मोजू.” मागून मौसुमीनं टेबलावर थाप मारली. मग रंजनदांनी. मग सगळ्यांनीच!

तर असं ठरलं. ज्याला हवी त्याला ठरलेली जागा. खुर्च्या सगळ्या वरखाली होणाऱ्या, बैठकही पुढंमागं सरकणारी, पाय न टेकणाऱ्यांना पायांखाली छोटा पाट. लांब टेबल एक राहणार आहे. रोज जागा बदलायला मला खरंच आवडतं आणि त्या मुद्द्यावर मी मागं हटणार नाही. उंच स्टुलं फक्त चहाच्या खिडकीशी. एसीचं काहीच ठरलं नाही, ते आपलं भांडण तसंच आहे.

बैठक संपल्यावर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “दोरजाटा एकटु भेजिये दाओ,” म्हणाले. मी दार लोटलं. ते त्यांच्या त्या उंच पाठीच्या, टॉवेल टाकलेल्या मोठ्या खुर्चीत अगदी कडेवर बसले होते. हळूच म्हणाले, “आमरा शेदिन हेशेछिलाम, ना?” आपण त्या दिवशी हसलो होतो, नाही का? मला वाटत होतं ते फक्त मलाच आठवतंय. मी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, “आमार मापटा निले ना?” माझं माप नाही घेतलं? शर्टाखाली त्यांनी कमरेला पट्टा बांधलेला होता, वर्षभर बांधतायत म्हणाले. मी त्यांना मागं सरकून बसायला लावलं आणि खाली बसून गुडघ्यामागं बोटं घालून पाहिली. तीन सोड, एक बोट जाईना. साहेबांची खुर्ची म्हणून सगळ्यांत मोठी आणलेली, आणि त्यांची पाठ तिला कधी टेकलीच नव्हती. एकोणचाळिसावं नाव म्हणून मी त्यांना लिहून घेतलं.

ते मला ‘सॉरी’ म्हणाले. मला ती माफी घेता येईना, ती तुझी होती. माझीही तुलाच द्यायची आहे. त्या दिवशी मी हसले, ताई. तू माझ्याकडं पाहिलंस ते मी काहीतरी बोलेन म्हणून, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी साहेबांसमोर शहाणी दिसण्यासाठी हसले. माझं चुकलं. हे म्हणायला माझ्याकडं ऑगस्टपासून तुझ्या टेबलावरच्या किती दुपारी होत्या.

आत्ता कागद समोर घेऊन बसले आहे. उद्या सकाळी तो खुर्च्या बनवणाऱ्यांकडं जाईल. प्रत्येकाच्या नावापुढं गुडघा, कोपर, पाठ, सगळं नीट लिहिलेलं आहे. मी दोनदा तपासलं. तुझी मापं कुठंच नाहीत. तू प्रत्येकाची घेतलीस, आणि तुझी घ्यावीत हे आमच्यातल्या एकालाही कधी सुचलं नाही, मलासुद्धा.